रुग्णालय ते अंगणवाडी : असोसिएशनची पंच्याहत्तर वर्षे

ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशनची स्थापना 1952 साली झाली. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेचा इतिहास लिहायचा, तर अधिवेशने, ठराव आणि पदाधिकारी यांची जंत्री देता आली असती. या लेखात मात्र एकच धागा धरला आहे. रुग्णालयाच्या एका विभागात जन्मलेला हा व्यवसाय तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गापर्यंत कसा पोहोचला, हा तो धागा. माझे म्हणणे असे, की अपंगत्व असलेल्या लहान मुलावरचा उपचार मुख्यतः त्याच्या रोजच्या बालवाडीत, इतर मुलांच्या सोबतीने आणि शिक्षिकेच्या हातून व्हावा. वेगळ्या खोलीतला तास त्याला पूरक असावा. हे मत अलीकडच्या धोरणांतून उचललेले नाही. संस्थेच्या वाटचालीत ते पहिल्यापासून बीजरूपाने दिसते, आणि मधली काही दशके ते मागे पडल्याचेही दिसते.

आधी नावाविषयी. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, आणि या शब्दाने अनेक पालक गोंधळतात. चार वर्षांच्या मुलाला कसला व्यवसाय, असा प्रश्न त्यांना पडतो. संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चयपूर्वक केलेला प्रयत्न, मन लावून केलेले काम. त्या अर्थाने खेळणे, स्वतःच्या हाताने जेवणे, चपला घालणे, मित्राशेजारी बसून चित्र रंगवणे हे सगळे मुलाचे व्यवसायच आहेत. यातले जे जमत नाही ते जमावे म्हणून मुलाची तयारी करून घेणे, आणि तेवढ्याने भागत नसेल तेव्हा कामाची रीत, साधन किंवा जागा बदलणे, हे व्यवसायोपचाराचे काम. व्याख्या अशी असेल तर हे काम कुठे करायचे याचे उत्तरही तिच्यातच येते.

1950 ते 1960 : केईएममधील आरंभ

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. आशियातील ही पहिली शाळा. तिच्या आणि पुढे असोसिएशनच्याही संस्थापक कमला निंबकर. मूळच्या एलिझाबेथ लंडी. अमेरिकेत, क्वेकर पंथीय घरात वाढलेल्या. विष्णू निंबकरांशी विवाह करून त्या मुंबईत आल्या. त्यांनी आधी लहान मुलांच्या शिक्षणात काम केले, आणि व्यवसायोपचाराचे शिक्षण त्यानंतर अमेरिकेत जाऊन घेतले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. भारतातल्या व्यवसायोपचाराचा पाया घालणारी बाई शिक्षणातून उपचाराकडे आली होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शाळाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

काळ पोलिओचा होता. लस सर्वदूर पोहोचायला अजून कित्येक वर्षे होती, आणि शहरांतले बालरुग्ण विभाग लुळ्या पडलेल्या हातापायांच्या मुलांनी भरत होते. आपल्या मुलीला झालेल्या पोलिओमुळे या प्रश्नाकडे वळलेल्या फातेमा इस्माइल यांनी 1947 मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली होती. 1955 मध्ये हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. या वातावरणात असोसिएशनने पहिली पावले टाकली. जागतिक व्यवसायोपचार महासंघाची उभारणी 1952 मध्येच झाली आणि त्याच्या दहा संस्थापक सदस्यांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झालेल्या देशाच्या, मूठभर सदस्य असलेल्या संघटनेने त्या मेजावर जागा मिळवली, हे आजही अभिमानाने सांगावेसे वाटते. 1955 पासून असोसिएशनचे नियतकालिक निघू लागले. अडचणी साध्या पण चिवट होत्या. या व्यवसायाचे नाव डॉक्टरांनाही नवे होते. हातमाग आणि सुतारकामाची हत्यारे पाहून हा हस्तकलेचा वर्ग आहे असा समज होई. पदे थोडी आणि पगार बेताचा. त्या पिढीतल्या प्रशिक्षक, विद्यार्थिनी आणि कार्यकर्त्यांनी नेटाने काम केले म्हणून संस्था टिकली.

याच सुमारास मुंबईच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात, दुसरे एक काम चालू होते. ताराबाई मोडक 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी बालवाडी आणि अंगणवाडी घडवत होत्या. वस्तीतल्या अंगणात जाऊन, तिथेच मिळणाऱ्या बिया, पाने, शिंपले, माती वापरून त्यांनी बालशिक्षण उभे केले. त्यांची प्रेरणा मारिया माँटेसरींची. माँटेसरींची साधने आली कुठून? विसाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवताना त्यांनी फ्रेंच डॉक्टर सेगँ यांची पद्धत अभ्यासली आणि साधने तयार केली. 1907 मध्ये बालगृह उघडल्यावर ती इतर मुलांसाठी वापरली. बटणे लावण्याच्या चौकटी, पाणी ओतण्याचे खेळ, खरखरीत अक्षरे आज प्रत्येक चांगल्या बालवाडीत असतात, आणि त्यांचे मूळ अपंग मुलांच्या शिक्षणात आहे. त्यामुळे बालवाडीत अपंग मूल आले की वर्गाची घडी विसकटते, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. केईएम आणि कोसबाड यांची त्या काळात गाठ पडली असती तर पुढचा प्रवास बराच लवकर झाला असता, असे मला वाटते.

1960 ते 1970 : हाताचा अभ्यास

हे दशक रुग्णालयातच गेले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांच्या शस्त्रक्रियांनंतर कुष्ठरुग्णांच्या हातांना पुन्हा कामाची सवय लावण्याचे शास्त्र वाढत होते, आणि हाताच्या पुनर्वसनात भारतातल्या थेरपिस्टांनी मोठा अनुभव मिळवला. चिमूट कशी धरली जाते, अंगठा बाकीच्या बोटांसमोर कसा येतो, मनगट स्थिर नसेल तर बोटे का चुकतात, हे ज्ञान पुढे लहान मुलांच्या कामात उपयोगी पडले. पोलिओच्या मुलांबाबत एक उणीव मात्र राहिली. मूल महिनोन् महिने रुग्णालयात राही आणि पायाला कॅलिपर बांधून घरी जाई, तोवर त्याचे शाळेचे वय निघून गेलेले असे.

1970 ते 1980 : उपचार आणि शाळा एका छपराखाली

या दशकाने दिशा बदलली. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी आहे. पुढे तिने स्वतः आपले आत्मचरित्र लिहिले. मेंदूच्या पक्षाघाताने हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांना तोपर्यंत एकतर रुग्णालय होते किंवा घर. अगदी थोड्या मुलांनिशी कुलाब्यात सुरू झालेल्या या शाळेत शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि वाचोपचारतज्ज्ञ एकाच मुलाकडे एकत्र पाहू लागले. थेरपिस्टच्या कामाचे स्वरूपच त्यामुळे पालटले. रुग्णालयात प्रश्न असे, कोपर किती अंशांत सरळ होते. शाळेत प्रश्न झाला, डबा उघडता यावा म्हणून या मुलाला बसवायचे कसे. कलकत्ता, दिल्ली, बंगळूर, मद्रास येथेही याच धर्तीची केंद्रे निघाली आणि आपल्या व्यवसायातल्या अनेकांची ती कर्मभूमी झाली.

अमेरिकेत जीन एयर्स या व्यवसायोपचारतज्ज्ञ विदुषीचा संवेदनांच्या एकात्मीकरणावरील ग्रंथ 1972 मध्येच प्रसिद्ध झाला. स्पर्श, तोल, स्नायूंची जाणीव यांचा मेळ बसला नाही तर शिकणे अडते, हा त्यांचा सिद्धान्त. त्याने भारतातल्या बालविभागांना नवी दृष्टी दिली आणि नवा वादही दिला. त्याकडे पुढे येतो.

सरकारी पातळीवर 1974 मध्ये अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आली, आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी ही पहिली ठिकाणे. ताराबाईंच्या अंगणवाडीचे नाव आता सरकारी योजनेला मिळाले होते. पण या दोन योजनांमध्ये एक फट राहिली. एकात्म शिक्षणाची योजना शाळेच्या वयाच्या मुलांचा विचार करत होती; अंगणवाडी भूक, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षणाचा विचार करत होती. तीन वर्षांचे अपंग मूल दोन्हींच्या मधे राहिले. मेंदू सर्वांत झपाट्याने घडतो ते हे वय, आणि नेमके तेच सुटले.

1980 ते 1990 : विस्तार आणि एक वळसा

कमला निंबकर 1979 मध्ये गेल्या. फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्या नावाने चालते. उपचाराच्या क्षेत्रातल्या व्यक्तीचे नाव शाळेला असावे हे त्यांच्या आयुष्याला साजेसे आहे.

या दशकात शिक्षणसंस्था वाढल्या, अधिवेशनांतली उपस्थिती वाढली, खासगी केंद्रे निघू लागली. संघटना मोठी होताना मतभिन्नता आलीच. ज्येष्ठांनी समंजसपणे वाट काढली आणि काम अडले नाही. पण विस्ताराचा एक परिणाम नोंदवला पाहिजे. झोके, गाद्या, उतरत्या फळ्या यांनी सजलेली थेरपीची खोली हीच व्यवसायोपचाराची ओळख बनली. मूल आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पाऊण तास तिथे येई. बाकीचे जागेपणीचे तास ते कुठे आणि कसे घालवते, हे थेरपिस्टला पालकांच्या सांगण्यावरूनच कळे. खोली उपयोगी होती आणि आहे. तीच सर्वस्व झाली, ही अडचण.

1990 ते 2000 : समावेशनाचा विचार

1994 मध्ये स्पेनमधील सालामांका येथे झालेल्या परिषदेने सर्व मुलांना सामावणाऱ्या शाळेचा आग्रह जगापुढे मांडला. भारतात 1995 चा अपंग व्यक्ती कायदा आला, त्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. स्वमग्नता त्यात नव्हती. ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रथम विचारात घेतली. याच दशकाच्या अखेरीस मिठू अलूर यांनी लंडन विद्यापीठात केलेल्या पीएच.डी. संशोधनात एक कटू वास्तव मांडले. देशातली सर्वांत मोठी बालविकास योजना कागदावर प्रत्येक मुलासाठी होती, तिच्या अंमलबजावणीत अपंग मूल मात्र जणू अदृश्य होते. ज्या बाईंनी विशेष शाळा काढली, त्यांनीच विशेष शाळा पुरेशी नाही असा निष्कर्ष काढला, आणि 1999 मध्ये समावेशनासाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र उभारले. स्वतःच उभ्या केलेल्या पद्धतीकडे इतक्या मोकळेपणाने पाहणे सोपे नसते. आपल्या व्यवसायालाही त्याच मोकळेपणाची गरज होती.

2000 ते 2010 : वर्गात शिरल्यावर

नव्या शतकाच्या आरंभी धारावीच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांमध्ये अपंग आणि इतर मुले एकत्र बसवण्याचे काम अलूर यांच्या संसाधन केंद्राने युनिसेफ आणि कॅनडातील सहकाऱ्यांच्या मदतीने केले. 2001 मध्ये मुंबईत ‘उमीद’ हे बालविकास केंद्र सुरू झाले. गोव्यात ‘सेतू’ने असेच काम हाती घेतले. 2001 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाकडे पाहण्याची नवी चौकट स्वीकारली. शरीरातली उणीव, जमणारी कामे आणि समाजातला सहभाग या तीन गोष्टी वेगळ्या मोजायच्या, आणि परिसराची अडचण हाही अपंगत्वाचा भाग मानायचा. व्यवसायोपचाराची मूळ भूमिका हीच होती, तिला आता जागतिक मान्यता मिळाली.

वर्गात थेरपिस्ट नेमके काय करतो, हे इथे सविस्तर सांगायला हवे, कारण बाहेरच्यांना, कधी कधी आपल्यातल्यांनाही, ते दिसत नाही. पहिली गोष्ट बसण्याची. अंगणवाडीत मुले सतरंजीवर मांडी घालून बसतात. स्नायू ताठ असलेल्या मुलाला मांडी जमत नाही. ते पाय मागे दुमडून बसते किंवा एका हातावर भार देते, म्हणजे कामाला एकच हात उरतो. त्याला भिंतीच्या कोपऱ्याचा दुहेरी आधार दिला, लोडावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसवले, समोर पाट ठेवला, की दोन्ही हात मोकळे होतात. खुर्ची असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि मेज कोपराच्या उंचीचे हवे. पाय लोंबकळत असतील तर विटांवर लाकडी फळी ठेवूनही काम भागते. मग येतात हात. जन्मतः मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी एकही क्ष-किरणात दिसत नाही, ती एकामागून एक घट्ट होतात आणि शेवटचे नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. उभी रेघ साधारण दुसऱ्या वर्षी, गोल तिसऱ्या, फुली चौथ्या आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास उतरवता येतो. तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर अक्षरे गिरवून घेण्याची घाई कोणत्याच मुलाला मानवत नाही, हे थेरपिस्ट शिक्षिकेला पुराव्यानिशी सांगू शकतो. त्याऐवजी कणकेचे गोळे, वाटाणे सोलणे, चिंचोके वेचून वाटीत टाकणे, ओले फडके पिळणे, उभ्या फळ्यावर खडूने रेघा मारणे यांतून मनगट आणि बोटे तयार होतात. ही कामे वर्गातले प्रत्येक मूल करते. अपंग मुलासाठी फक्त चिंचोक्याऐवजी मोठा लाकडी मणी येतो, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळले जाते, खडू जाड होतो.

तिसरी गोष्ट आवाजाची आणि गडबडीची. स्वमग्न मुलाला स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट असह्य होऊ शकतो. खिचडी वाढण्याआधी त्याला दाराजवळची जागा देणे, आता काय होणार हे चित्रांच्या पट्टीवर दाखवणे, कोपऱ्यात एक शांत जागा राखणे, ताटल्या वाटायचे काम त्याच्याकडेच देणे, यांतून कित्येकदा रडणे थांबते. गोष्टीच्या वेळी बेचैन होणाऱ्या मुलाला पाण्याची भरलेली बादली मदतनिसासोबत उचलून आणायला सांगितले, तर स्नायूंना मिळालेल्या त्या भाराने ते स्थिर बसू शकते. यातल्या कशालाही महागडे साधन लागत नाही. लागते ती पाहणारी नजर, आणि ती शिक्षिकेला देणे हेच वर्गातल्या थेरपिस्टचे मुख्य काम.

त्या दशकात सर्व शिक्षा अभियानाने फिरते विशेष शिक्षक शाळांत पाठवले, आणि 2009 मध्ये शिक्षणहक्काचा कायदा आला. त्या कायद्याची हमी सहा ते चौदा वयाला आहे. तीन ते सहा वयासाठी सरकारने व्यवस्था करावी एवढीच अपेक्षा त्यात आहे. 1975 ची फट 2009 मध्येही उरली.

2010 ते 2020 : पुरावा आणि आक्षेप

वर्गातल्या व्यवसायोपचारावर तीन आक्षेप सतत घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की वर्गात उपचार पातळ होतो. मुलाला एकट्याला, तज्ज्ञाच्या हाताखाली मिळणारी मेहनत हीच खरी. या प्रश्नावर मेरी लॉ या कॅनेडियन व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, सहा वर्षांखालील 128 मुलांचे दोन गट केले. एका गटात मुलाची उणीव सुधारण्यावर भर होता. दुसऱ्यात मुलाला हात न लावता काम आणि परिसर बदलण्यावर. दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्या प्रगतीत लक्षणीय फरक आढळला नाही. परिसर बदलणे हा दुय्यम उपचार नाही, असे यावरून म्हणता येते. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक, त्याही व्यवसायोपचारतज्ज्ञच, यांनी सहकाऱ्यांसह सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा पद्धतशीर आढावा घेतला. विशिष्ट कामाचे ध्येय ठरवून केलेला सराव, घरी करायचा कार्यक्रम, दोन्ही हातांचे प्रशिक्षण, परिसराधारित उपचार यांना त्यात भक्कम पुरावा मिळाला. थेरपिस्टने मुलाची हालचाल हातांनी घडवून आणण्याच्या काही जुन्या, प्रतिष्ठित पद्धतींना मिळाला नाही. आपल्यापैकी अनेक जण याच पद्धती शिकून मोठे झाले, त्यामुळे हा निष्कर्ष स्वीकारणे जड गेले. मुलांच्या दृष्टीने तो दिलासा देणारा आहे, कारण पुराव्याच्या कसोटीला उतरलेल्या बहुतेक गोष्टी घरात आणि बालवाडीत करता येण्यासारख्या आहेत. ताज्या शस्त्रक्रियेनंतर, स्प्लिंट बनवताना, गिळण्याची अडचण असताना एकट्याचा उपचार लागतोच, आणि तो कमी करा असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप एयर्स यांच्या संवेदी एकात्मीकरणाच्या पुराव्याविषयी. 2012 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या उपचारांचा पुरावा मर्यादित असल्याचे सांगून पालकांना सावधपणे निर्णय घेण्याचा सल्ला दिला. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून सिद्धान्ताचा आंधळा बचाव करण्यापेक्षा वर्गातली कसोटी लावावी असे मला वाटते. अमुक बदलानंतर मूल वर्तुळात किती वेळ बसले, किती घास स्वतः जेवले, किती वेळा दुसऱ्या मुलाकडे वळले, हे अंगणवाडी सेविका रोज मोजू शकते. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर तो उपाय सोडावा. थेरपीच्या खोलीत ही मोजणी अवघड जाते, कारण सहभाग जिथे घडायचा ती जागाच तिथे नसते.

तिसरा आक्षेप सेविकांचा, आणि तोच मला सर्वांत जड वाटतो. एक सेविका, एक मदतनीस, पंचवीस-तीस मुले, पोषण आहार, वजने, नोंदी, सर्वेक्षणे. त्यात हे कधी करायचे? वेगळा कार्यक्रम म्हणून थेरपी त्यांच्यावर टाकली तर ती होणार नाही, आणि होऊ नये. हात धुणे, चपला काढणे, रांगेत उभे राहणे, जेवणे हे सगळे सेविका रोज करवूनच घेते. बदलायची ती करवून घेण्याची रीत. त्यात पहिले काही दिवस वेळ जास्त जातो, हे मान्य करून त्या दिवसांत कोणीतरी सोबत असले पाहिजे. सेविकांच्या मानधनाचा प्रश्न बाजूला ठेवून त्यांच्याकडून अधिक कौशल्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हेही इथे नोंदवतो.

या दशकात दोन मोठ्या घटना घडल्या. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघरमधून झाला. ताराबाई आणि अनुताईंच्या कामाचा हाच प्रदेश. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारी फिरती पथके आणि जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे त्यातून आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून 21 केले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांना कायद्यात जागा दिली. दरम्यान 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ज्या आजाराने आपल्या व्यवसायाची सुरुवात घडवली तो गेला, आणि विकासात्मक अडचणींची मुले आपल्या कामाच्या मध्यभागी आली.

2020 नंतर : सध्याचे काम

मार्च 2020 च्या टाळेबंदीत थेरपीच्या खोल्या बंद पडल्या आणि फोनवरून घरच्यांना मार्गदर्शन करण्याशिवाय पर्याय उरला नाही. सगळ्या मुलांना ते पुरले नाही. थेरपिस्टच्या हातचा उपचार लागणाऱ्या मुलांचे नुकसान झाले. पण आईवडील आणि आजी-आजोबा रोजच्या कामांतून किती करू शकतात हेही त्या काळाने दाखवले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून अंगणवाडीला शिक्षणव्यवस्थेत आणले. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि व्यवसायोपचाराला देशव्यापी वैधानिक चौकट मिळाली. यासाठी असोसिएशनच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती प्रसिद्ध केली. लवकर ओळख, अंगणवाडीत समावेश आणि पुढच्या सेवांशी जोडणी असा तिचा क्रम आहे. 1975 ची फट बुजवण्याचा हा पहिला ठोस सरकारी प्रयत्न.

आता अडचण मनुष्यबळाची सांगितली जाते. देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. तेवढे थेरपिस्ट आणायचे कुठून? प्रत्येक अंगणवाडीत एक थेरपिस्ट असे कोणी मागितलेले नाही. महाराष्ट्रापुरता हिशेब मांडून पाहू. राज्यात बालविकास सेवा योजनेचे 553 प्रकल्प आणि एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. प्रत्येक प्रकल्पाला एक व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमला तर 553 पदे लागतात. एका प्रकल्पात सरासरी दोनशे अंगणवाड्या येतात, आणि वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असते. म्हणजे थेरपिस्टला आठ-दहा पर्यवेक्षिकांच्या मासिक बैठकांना हजर राहता येईल आणि उरलेल्या दिवसांत, जिथे अपंगत्वाचे मूल नोंदले आहे अशाच अंगणवाड्यांना भेटी देता येतील. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या प्रकल्पात अंतरे फार आहेत, तिथे हे गणित कमी पडेल आणि दोन पदे लागतील. मुंबई आणि नागपूरच्या शिक्षणसंस्थांतून दरवर्षी नवे पदवीधर बाहेर पडतात. त्यातले कितीतरी परदेशी जातात किंवा शहरी खासगी केंद्रांत सामावतात, कारण तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्यासाठी पदच नाही. आंतरवासितेतला काही काळ अंगणवाडीत काढावा, हा बदल तर पदनिर्मितीचीही वाट न पाहता शिक्षणसंस्थांना करता येईल.

असे पद निर्माण झाले तर पहिल्या भेटीला लागणारी पिशवी हलकी असेल: मोजपट्टी, जाड खडू, कापडाच्या पट्ट्या, चित्रांचे काही पत्ते. काम मात्र बरेच असेल. सेविकेसोबत सतरंजीवर बसायचे, कोणते मूल दाराशीच थांबते ते पाहायचे, कोणाचा हात ताटलीपर्यंत पोहोचत नाही ते पाहायचे, आणि उठताना तिला विचारायचे, वस्तीतले कोणते मूल अजून अंगणवाडीच्या नोंदवहीत आलेलेच नाही.